पिकअपला लिफ्ट किट आणि मोठे टायर: पाणंदीत पोट घासतंय, काय घालू?

उसातला_इसुझू (धागाकर्ता)

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसताच वाचत होतो, आज पहिला धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, २०१९ ची, अडीच लिटरचं इंजिन, मॅन्युअल, फोर बाय फोर. ९२ हजार किलोमीटर झालेत. टायर कंपनीच्याच मापाचे, २५५/६० आर १८. हा दुसरा सेट, आणि तोही संपत आलाय.

घर कोल्हापुरात, शेत करवीर तालुक्यातच पण नदीच्या अंगाला. डांबरी सोडल्यावर सव्वा किलोमीटर पाणंद. गळीत हंगाम लागला की उसाच्या ट्रॉल्या जाऊन जाऊन चाकोऱ्या इतक्या खोल पडतात की मधला वरंबा गाडीच्या पोटाला लागतो. परवा असाच खर्रर्र आवाज झाला आणि शेजारी बसलेले वडील एवढंच म्हणाले, "बैलगाडीचं आसं कधी झालं न्हाई." तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

शहरात एका गाळ्यावर विचारलं. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि सांगितलं, ३ इंची लिफ्ट (म्हणजे गाडी ३ इंच उचलायची), १७ च्या रिमा आणि ३३ इंची टायर. सगळं मिळून २ लाख ८५ हजार. "कायबी होत न्हाई साहेब, नाद खुळा दिसंल गाडी." दिसेल खरी, त्यात वाद नाही. पण रक्कम ऐकून बायकोनं विचारलं, एवढ्यात विहिरीची मोटर आणि पाइपलाइन होत नाही का. म्हणून म्हटलं आधी जाणकारांना विचारावं.

गाडीत वर्षभर फार काही नसतं. लागणीच्या आणि भरणीच्या वेळी युरियाची ४ पोती, मागच्या सीटवर दोन माणसं. महिन्यातनं एकदा गगनबावड्यामार्गे कोकणात सासुरवाडी. किती उचलू, कुठले पार्ट घेऊ, कुठला टायर घालू?

रंकाळा_कट्टा

३३ इंची घाल भावा. जगात भारी.

(गंमत करतोय, वाचायला बसलोय. चहा सांगितलाय.)

मापपट्टी

धाग्याला उत्तर द्यायच्या आधी एक काम सांगतो. गाडीखाली पोतं अंथरून झोपा आणि घासल्याच्या खुणा नेमक्या कुठे आहेत ते बघा. बॅटरी घेऊन जा. 'पोट घासतंय' हे निदान नाही, तक्रार आहे.

सांगण्याचं कारण असं. तुमच्या गाडीला पुढं डबल विशबोन (चाक धरणारे वरचा-खालचा असे दोन हात) आणि कॉइल स्प्रिंग आहे, मागं सलग हाऊसिंग (दोन्ही चाकांना जोडणारी लोखंडी नळी, मध्ये गिअरचा गोळा) आणि पाटे. सस्पेन्शन लिफ्ट केली की चासी आणि बॉडी वर जाते. मागचं हाऊसिंग कुठं जात नाही, कारण ते चाकाला बांधलेलं आहे. ३ इंच उचला नाहीतर ६ इंच, हाऊसिंगचा गोळा जमिनीपासून होता तेवढाच राहणार. तो वर जातो फक्त टायर मोठा केल्यावर, आणि तेही टायरचा घेर वाढेल त्याच्या निम्म्यानं... घेर नव्हे, व्यास. चुकलो.

चाकोरीतल्या वरंब्याला सगळ्यात आधी काय लागतं, हे खुणा सांगतील. मग पैशांचं बोलू.

घाटवाट

+१. आणि ३३ इंची टायर घालून करूळ घाट चढायचा असेल तर अडीच लिटरला दुसऱ्या गिअरात घाम फुटेल, एवढं लक्षात असू द्या.

गडहिंग्लज_मिरची

माझा अनुभव सांगते, कारण मी ही चूक करून बसले आहे.

माझी हायलक्स. घेतल्यावर सहा महिन्यांत हौसेनं पुढं स्पेसर टाकून घेतले. किट नव्हे, नुसत्या चकत्या, शॉकअपच्या डोक्यावर बसवायच्या. स्वस्तात काम. गाळ्यावरच्या माणसानं सांगितलं, २५ मिलिमीटरची चकती आहे, म्हणजे एक इंच उचलेल. फिटिंग झाल्यावर मोजलं तर पावणेदोन इंचाच्या आसपास उचललेली! हे त्याला माहीतच नव्हतं. शॉकअप खालच्या विशबोनवर चाकापर्यंत न जाता मध्येच बसलेला असतो, त्यामुळे वर एक इंच दिला की चाकापाशी तो पावणेदोनपट ते दुप्पट होतो. साधी तरफ आहे.

पुढे काय झालं? खड्ड्यातून चाक खाली सुटलं की खडाक् असा आवाज. शॉकअपची खाली जायची जागाच संपलेली. हायवेला स्टिअरिंग हातात धरून ठेवायला लागायचं, जरा सैल सोडलं की गाडी आपली आपण भटकायची. अलाइनमेंटवाल्यानं टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती ते) लावून दिला, पण कॅस्टर (स्टिअरिंग सरळ धरणारा मागचा कल) त्याच्या हातात नव्हता, उचलल्यावर तो कमी झालेला. साताठ हजार किलोमीटरनंतर आंबोलीहून येताना थांबले तर पुढच्या डाव्या रिमच्या आतल्या बाजूला काळं काहीतरी उडालेलं. आधी वाटलं डांबर. बोट लावून बघितलं तर ग्रीस. सीव्ही जॉइंटचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या ॲक्सलच्या सांध्याचा, रबरी बूट फाटलेला, कारण ॲक्सलचा कोन वाढून बूट सगळा वेळ एका बाजूला चेपलेला राहायचा.

शेवटी चकत्या काढून टाकल्या आणि दीड इंचाचे नीट स्प्रिंग-शॉकअप घातले. दोनदा मजुरी, दोनदा अलाइनमेंट, एक बूट. बचत किती झाली ते तुम्हीच मोजा.

उसातला_इसुझू

ताई, हे सोन्यासारखं सांगितलंत. त्यानं मला ३ इंचांसाठी स्पेसरच सांगितले होते की स्प्रिंग, ते मी विचारलंच नाही. उद्या विचारतो.

मापपट्टी, उद्या सकाळी गाडीखाली जातो.

पाटेवाला_उद्यमनगर

मागचं मी सांगतो. आमचं कामच पाट्याचं. वडिलांच्या काळापासनं ट्रकचे पाटे, आता पिकअपचे जास्त.

मागं उचलायच्या तीन तऱ्हा. एक, हाऊसिंग आणि पाट्याच्या मधी ठोकळा घालायचा. सगळ्यात स्वस्त. ठोकळा ओतीव बारका नको, दोन ठोकळे एकावर एक तर अजिबात नको. दुसरी, मागचा शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणारी पट्टी) लांब घालायचा. ह्यात लोक फसतात: शॅकल दोन इंच लांब घातला तर गाडी एकच इंच उचलते, कारण पाट्याचं एकच टोक वर जातंय. तिसरी, पाटा वाढवायचा नाहीतर अख्खा संच बदलायचा. ही खरी पद्धत. पण एक पाटा वाढवला की गाडी उचलते आणि कडकही होते. मोकळी गाडी खड्ड्यात उड्या मारत्या, मागच्या सीटवरची माणसं शिव्या घालत्यात.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोणी गॅसची ज्योत लावून जुना पाटा तापवून कमान वाढवून देतो म्हटला तर गाडी घेऊन पळत सुटा. पाट्याला कारखान्यात दिलेलं पाणी उतरतं. महिनाभर दिसतोय झकास, मग बसतोय नाहीतर मोडतोय.

आणि यू बोल्ट, पाटा हाऊसिंगला आवळणारा. एकदा सोडला की नवाच घालायचा. तो ताणून बसलेला असतोय, परत तेवढ्या ताकदीनं धरत न्हाई. नवा घातल्यावर ५०० किलोमीटरनं परत येऊन आवळून घ्यायचा. शंभरात दहा गिऱ्हाईकं परत येत्यात. बाकीच्यांचं देव बघतोय.

चंदगडी_काजू

दादा, ठोकळा घातल्यावर गाडी उठताना खालनं थरथरते असं ऐकलंय, ते खरं का?

पाटेवाला_उद्यमनगर

व्हय. मागच्या चाकांकडं ताकद नेणाऱ्या शाफ्टचा कोन बदलतोय. जिथं शाफ्ट दोन तुकड्यांचा, मधी सेंटर बेअरिंग, तिथं पहिल्या गिअरात सुटताना थरथर येत्या. मग बेअरिंगखाली पट्टी घालून नाहीतर पाट्याखाली पाचर घालून कोन जुळवायला लागतोय. दीड इंचापर्यंत सहसा त्रास न्हाई. आणि ज्या गाडीला मागं वजनाप्रमाणं ब्रेक वाटणारा व्हॉल्व्ह असतोय, त्याची काडी हाऊसिंगला जोडलेली असत्या. गाडी उचलली की त्या व्हॉल्व्हला वाटतंय गाडी मोकळी हाय, आणि मागचा ब्रेक कमी देतोय. ती काडी जुळवून घ्यायची. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणत न्हाई ना, ते चाक लोंबतं सोडून बघायचं.

काळाकोट

तांत्रिक चर्चेत कायद्याचं मीठ टाकतो, माफ करा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-ए आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलाला' हे शब्द नीट वाचा. बुल बारवर (पुढच्या लोखंडी कठड्यावर) तर डिसेंबर २०१७ पासूनच केंद्राची मनाई आहे, तरी हायवेला दर दहावी पिकअप लावून फिरते.

रस्त्यात कोणी अडवत नाही, हे मलाही माहीत आहे. माझी भीती दंडाची नाही, अपघातानंतरच्या दाव्याची आहे. सर्व्हेअर फोटो काढतो, टायरचं माप लिहितो, आणि मग तुमचा बदल अपघाताला कारण नव्हता हे सांगत बसायची वेळ तुमच्यावर येते. जे कराल ते विमा कंपनीला लेखी कळवून करा.

रंकाळा_कट्टा

वकीलसाहेब आले आणि ३३ इंचीची हवा गेली.

उसातला_इसुझू

मंडळी, सकाळी गेलो गाडीखाली. मापपट्टी, तुमच्या पायाचे फोटो पाठवा, पूजा करतो.

पुढच्या लोखंडी पत्र्यावर एकही ओरखडा नाही. बाजूच्या पायरीवर नाही. गिअरबॉक्सखाली चिखल वाळलेला, पण घासल्याची खूण नाही. मागं सरकलो तर हाऊसिंगच्या गोळ्याच्या खाली रुपयाएवढी जागा चकचकीत, रंग गेलेला, कडेला सुकलेली काळी माती आणि त्यात उसाचं पाचट अडकलेलं. आणि दोन्हीकडच्या यू बोल्टची खाली लोंबणारी टोकं घासून तिरकी झालेली. बस्स. एवढंच.

म्हणजे ३ इंची लिफ्ट करून हे दोन्ही जिथल्या तिथं राहिलं असतं? २ लाख ८५ हजार घालून?

मापपट्टी

लिफ्टनं जिथल्या तिथं. टायरनं थोडं वर. आता आकडेमोड करू, कारण टायरच्या दुकानात ती कोणी करत नाही.

२५५/६० आर १८ म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६० टक्के म्हणजे १५३, आणि रिम १८ इंच म्हणजे ४५७. दोन्ही बाजूंच्या कडा धरून व्यास होतो ७६३ मिलिमीटर, तीस इंचाला टेकलेला. तुमचा आत्ताचा टायर.

२६५/६० आर १८ चा व्यास ७७५. फरक १२, म्हणजे गोळा ६ मिलिमीटर वर. करंगळीच्या जाडीपेक्षा कमी.

२६५/६५ आर १८ चा ८०२. गोळा १९ मिलिमीटर वर. पण व्यास ५ टक्के वाढला, म्हणजे स्पीडोमीटरवर १०० दिसेल तेव्हा गाडी १०५ नं पळत असेल, प्रत्येक गिअर ५ टक्के लांब होईल, आणि ब्रेकला तेवढ्याच जास्त तरफेशी झुंजावं लागेल. चाक पूर्ण वळवून खड्ड्यात गेलात की पुढच्या बाजूला प्लास्टिकचं अस्तर किंवा मडफ्लॅप घासायची शक्यता. त्यासाठी मग पुढं दीड इंच उचलणं आलं.

तुम्हाला सांगितलेला ३३ इंची म्हणजे बहुधा २८५/७० आर १७. व्यास ८३१. जवळपास ९ टक्के. १०० ला १०९. गोळा ३४ मिलिमीटर वर जाईल खरा, पण त्यासाठी रिमा, विशबोन, कापाकापी आणि इंजिनाचा जीव. तुमच्या पाणंदीतला वरंबा किती उंच आहे ते मोजा. मला वाटतं तो ३४ मिलिमीटरला दाद देणारा नाही.

घाटवाट

टायरच्या नमुन्याबद्दल थोडं, कारण माप मापाच्या जागी आणि पकड पकडीच्या जागी.

गगनबावड्याच्या पावसात गाडी चालवणाऱ्यानं मड टायर घालू नये, हे माझं स्पष्ट मत. मोठ्या मोठ्या गाठी, मध्ये रुंद फटी. चिखलात तो टायर राजा, कारण फटीतला चिखल बाहेर फेकतो. पण ओल्या डांबरावर रस्त्याला टेकणारं रबरच कमी, वर गाठी वळणावर मुडपतात. भुईबावड्याच्या उतारावर एकदा माझी जीप अशी घसरली की आईची आठवण झाली. ऑल टेरेन घ्या. योकोहामाचा जिओलँडर, बीएफगुडरिचचा के-ओ-२, आपल्याकडचा अपोलो ॲप्टेरा एटी, जो मिळेल आणि परवडेल तो. यांत मी ब्रँडची भांडणं लावत नाही.

फक्त घेताना बाजूवरचा लोड इंडेक्स बघा. १०८ म्हणजे एका टायरला १००० किलो, ११२ म्हणजे ११२०. जुन्यापेक्षा कमी आकड्याचा घेऊ नका, दुकानदार कितीही म्हणो. दहा प्लायचे ट्रकछाप टायर मजबूत असतात, पण प्रत्येकी कित्येक किलो जड. ते वजन स्प्रिंगच्या खाली लोंबतं, म्हणजे शॉकअपला दिवसभर कुस्ती. तुमच्या ४ पोत्यांसाठी त्याची गरज नाही.

तात्या_शाहूवाडी

आमी जुनी मानसं. आमच्या जीपला लिफ्ट न्हवती, गिफ्ट न्हवती. चाकोरीत चाक घालायचंच कशाला? एक चाक मधल्या वरंब्यावर, दुसरं चाकोरीच्या भायेर कडंला. गोळा चाकोरीवरनं तरंगत जातोय. ट्रॅक्टरवाल्याचा रस्ता ट्रॅक्टरला, आपला आपल्याला.

गडहिंग्लज_मिरची

तात्यांना शंभर गुण. फक्त पाऊस पडलेला असेल तर वरंब्यावरून चाक घसरून गाडी तिरकी चाकोरीत जाते, तेवढं जपा. चिखलात टायरची हवा वीस-बावीस पीएसआयपर्यंत उतरवली तर पसरून धरतात. डांबरीवर आल्यावर लगेच परत भरायची, दारावरच्या स्टिकरप्रमाणं. बारका कॉम्प्रेसर सीटखाली ठेवा.

उसातला_इसुझू, एक विचारायचं राहिलं. पुढची बाजू दबलीय का? ९२ हजार झालेत म्हणता. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ मोजा. टायर कुठलाही असो, हे माप बदलत नाही, म्हणून उंची नेहमी इथूनच मोजायची.

चंदगडी_काजू

मोजताय तर वजनकाट्यावर पण जाऊन या. स्प्रिंग बनवणाऱ्या कंपन्या, ओल्ड मॅन एमू म्हणा, आयर्नमॅन म्हणा, एकाच गाडीला तीन-चार वेगवेगळ्या ताकदीचे स्प्रिंग देतात. पुढं लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) आहे का, मागं कायमचं ३०० किलो असतं का, असं विचारून देतात. आपल्याकडं लोक सगळ्यात जाड मागतात, मोकळी गाडी दगडासारखी चालते, मग म्हणतात किट खराब.

पुढचीच चाकं काट्यावर घेऊन एक वजन, मग अख्खी गाडी. वजाबाकी केली की मागचं कळतं.

रंकाळा_कट्टा

काटा कुठला ते बघून जावा. ऊसवाल्याला काटामारीचं सांगायला नको.

उसातला_इसुझू

रविवारचा दिवस ह्यातच घालवला. पोरगा मापपट्टी धरायला, मी वहीत लिहायला.

चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत पुढं डावीकडं ४९२ मिलिमीटर, उजवीकडं ४८४. मागं दोन्हीकडं सारखंच, ५४०. दुपारी शिरोलीच्या बाजूला एका खासगी काट्यावर गेलो. काटेवाला म्हणाला, माल कुठं आहे? म्हटलं, गाडीच माल. मोकळी गाडी, अर्धी टाकी: पुढची चाकं १,११०, सगळी मिळून १,९४०, म्हणजे मागं ८३०. मग घरी येऊन युरियाची ४ पोती टाकली, ४५ किलोचं एक, दोन गडी मागच्या सीटवर बसवले आणि परत गेलो. सगळी २,२५०, पुढची १,१६५, मागची १,०८५.

गडी विचारत होते, मालक, आमचं वजन कशाला करताय.

मागं मडगार्डचं माप भरल्यावर ४५ मिलिमीटरनं उतरलं. हे जास्त आहे का?

पाटेवाला_उद्यमनगर

मागच्या चाकांवर अडीचशे किलो वाढलं आणि पावणेदोन इंच बसली. पाटे जिवंत हायत. उलटे होत न्हाईत, मोकळी केल्यावर जागेवर येत्यात, दोन्हीकडं सारखे. मागं एक रुपयाचा पाटा वाढवू नका. बुश (पाट्याच्या टोकांतलं रबर) बघून घ्या आणि यू बोल्ट नवे घाला, कापून बेतात ठेवतो, खाली लोंबणारी टोकं जात्यात. तेवढीच जागा मिळाली.

मापपट्टी

पुढं उजवीकडं ८ मिलिमीटर कमी, ड्रायव्हरची बाजू. इतक्या वर्षांत रोज तिकडंच माणूस बसतो, टाकी कुठल्या बाजूला आहे तेही बघा. शॉकअपवर तेलाचा ओलसरपणा आहे का? असला तर बदलाचा विषय तिथं आहे. पुढचे दोन्ही स्प्रिंग आणि शॉकअप जोडीनं बदला. एकीकडचाच बदलू नका. हवं तर थोडे ताकदीचे घ्या, पाऊण-एक इंच आपोआप येतो. एवढ्यात ॲक्सलचा कोन, कॅस्टर, सगळं आटोक्यात राहतं. त्यानंतर अलाइनमेंट करताना नुसता टो नव्हे, कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि कॅस्टरचे आकडे छापून मागा. आणि रात्री भिंतीसमोर उभं राहून हेडलाइट खाली करून घ्या, नाहीतर समोरचा दुचाकीवाला तुमच्या नावानं खडे फोडेल.

घाटवाट

पुराचं कोणीच बोललं नाही. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीपाशी हायवेच पाण्याखाली होता. तेव्हा उंच गाडीचा उपयोग झाला असता असं बरेच जण म्हणतात.

तात्या_शाहूवाडी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पानी ३९ फूट झालं की गाडी दारात उभी करायची आणि कट्ट्यावर बसायचं. वाहत्या पान्यात लिफ्ट काय आन् चाक काय.

मापपट्टी

तात्यांशी सहमत. फक्त ज्यांना ओढ्यातून जावंच लागतं त्यांच्यासाठी: हाऊसिंगला एक श्वास घ्यायची नळी असते. तापलेलं हाऊसिंग थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते. नळीचं टोक पाइप जोडून वर न्या. शेदोनशेचं काम, कुठल्याही लिफ्टपेक्षा उपयोगी. पाण्यातून गेल्यावर तेल दुधासारखं झालंय का तेही बघा.

तात्या_शाहूवाडी

आता मुद्द्याचं. सव्वा किलोमीटर पाणंद. त्या पाणंदीला शेतकरी किती?

उसातला_इसुझू

अकरा जण.

तात्या_शाहूवाडी

मग २ लाख ८५ हजारात मुरूम किती ब्रास येतोय ते इचार की. सगळी पाणंद नको, जिथं घासतंय तेवढाच तुकडा.

उसातला_इसुझू

धागा वर काढतोय. तीन आठवडे झाले, काय केलं ते सांगायचं राहिलं होतं.

पुढचे दोन्ही शॉकअप ओलेच निघाले, उजवा जास्त. स्प्रिंग-शॉकअपची जोडी बदलली, बंपर-विंच नसलेल्या गाडीसाठीची, फार ताकदीची नाही. आता डावीकडं ५१४, उजवीकडं ५१२. मागं नवे बुश आणि यू बोल्ट, टोकं कापून. पाटेवाल्या दादांच्या सांगण्याप्रमाणं ५०० किलोमीटरनं जाऊन आवळूनही आलो. मिस्त्री म्हणाला, तुम्ही पहिले.

टायर २६५/६० आर १८ ऑल टेरेन. रिमच्या आतला आकडा बघून घेतला, या मापाला साडेसात इंच तरी रुंदी लागते असं दुकानात सांगितलं, बसतंय. हायलक्सच्या वरच्या मॉडेलला कंपनीतनंच हे माप येतं, त्यामुळे निवडायलाही भरपूर होते. कुठंही घासत नाही, स्टिअरिंग पूर्ण वळवून पोराला चाकापाशी बसवून बघितलं. विमा कंपनीला मेल टाकलाय, वकीलसाहेब.

आणि तात्या, पाणंदीत दीडशे फुटांचाच तुकडा वाईट होता. दोन दिवस बैठक, चहा, थोडं भांडण. अकरातल्या आठ जणांनी पैसे काढले, माझा वाटा जरा मोठा, कारण पिकअप माझी. मुरूम पडला, ट्रॅक्टरनं दाबला. उरलेल्या तिघांच्या ट्रॉल्या सगळ्यात आधी त्यावरनं गेल्या, ते असो. राहिलेल्या पाणंदीसाठी मातोश्री पाणंद रस्ते योजनेत नाव घालायचं ग्रामपंचायतीत बोलणं चाललंय.

रंकाळा_कट्टा

म्हणजे लिफ्ट रस्त्यालाच मारली म्हणा की.

उसातला_इसुझू

तसंच समजा.

घाटवाट

टायरवरची तारीख बघितली का? चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दुकानात पडून राहिलेले खपवतात.

उसातला_इसुझू

नाही बघितली. थांबा, बॅटरी घेऊन येतो.